गोळ्यांची गोधडी आणि थर्मामीटरचा प्रवास

वस्तूला जात नसते, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आपल्या माणसांना हे कधीच पटलेले नाही. पाणवठ्याला जात असते, हॉटेलात वेगळ्या ठेवलेल्या कपाला असते, गावच्या न्हाव्याच्या वस्तऱ्यालाही असते, हे आपल्या आजी-आजोबांनी अंगावर सोसले आहे. दवाखान्यातल्या वस्तूंना मात्र आपण या हिशेबातून सोडून दिले. थर्मामीटर, इंजेक्शनची सुई, सलाईनची बाटली, गोळ्यांची पाकिटे, रबरी हातमोजे या वस्तू विज्ञानाने दिल्या, म्हणजे त्या सर्वांच्या, असे आपण धरून चाललो.

जगातल्या काही कलावंतांनी याच साध्या वस्तू हातात घेतल्या, त्यांच्या कलाकृती केल्या आणि यांत सौंदर्य आहे असे सांगितले. हा विषय निघाला की चळवळीतला तरुण कार्यकर्ता लगेच विचारतो, 'औषधाला पैसे नाहीत म्हणून माणसे मरतात, आणि आपण गोळ्यांमधले सौंदर्य शोधत बसायचे का?' प्रश्न रास्त आहे. तो टाळून पुढे जाता येणार नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. औषधाच्या वस्तूमागचा माणूस दिसतो तेव्हाच त्या वस्तूतले सौंदर्य आपल्या कामाचे असते. वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हातात गेली, कोणाच्या हातापर्यंत पोहोचलीच नाही, हे दाखवणारी कला आपण शिकून घेतली पाहिजे. वस्तू दाखवून माणूस झाकणारी कला ही सजावट आहे, आणि अन्याय झाकायला सजावट नेहमीच वापरली गेली आहे.

चौदा हजार गोळ्या

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये २००३ साली 'क्रेडल टू ग्रेव्ह', म्हणजे 'पाळण्यापासून थडग्यापर्यंत', ही कलाकृती मांडली गेली. ती 'फार्माकोपिया' या गटाने केली. या गटात विणकाम करणाऱ्या कलावंत सुझी फ्रीमन, दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर लिझ ली आणि व्हिडिओ कलावंत डेव्हिड क्रिचली असे तिघे जण आहेत. कलाकृती म्हणजे कापडाचे दोन लांबच लांब पट्टे. एक पुरुषाचा, एक बाईचा. बारीक नायलॉनच्या धाग्याची जाळी विणली आहे, जाळीत छोटे छोटे खिसे आहेत आणि प्रत्येक खिशात एक गोळी आहे. एकेका पट्ट्यात १४ हजारांहून अधिक गोळ्या. ब्रिटनमधल्या माणसाला जन्मभरात डॉक्टर सरासरी एवढ्या गोळ्या लिहून देतात, असा हिशेब त्यामागे आहे. दुकानातून स्वतः विकत घेतलेल्या गोळ्या यात धरलेल्याच नाहीत.

लांबून पाहिले तर ते छापील लुगड्यासारखे दिसते. पांढऱ्या, पिवळ्या, लाल, निळ्या ठिपक्यांची नक्षी. जवळ गेले की नक्षीतून आयुष्य उलगडू लागते. सुरुवातीला बाळाच्या लसी. मग लहानपणाचे खोकले-ताप. बाईच्या पट्ट्यात पाळणा लांबवण्याच्या गोळ्या आणि पुढे पाळी जाण्याच्या वयातली औषधे. पुरुषाच्या पट्ट्यात शेवटी शेवटी खिसे दाट होत जातात, कारण पहिल्या ६६ वर्षांत त्याने जेवढ्या गोळ्या घेतल्या तेवढ्याच शेवटच्या १० वर्षांत घेतल्या. ७६व्या वर्षी तो पक्षाघाताने जातो आणि त्याचे कापड संपते. बाई ८२व्या वर्षीही जिवंत आहे. दोन्ही पट्ट्यांच्या कडेने साध्या घरांतले फोटो मांडले आहेत. वाढदिवस, लग्न, आजारपण, म्हातारपण. खाली हाताने लिहिलेल्या ओळी आहेत.

या कलाकृतीशेजारी दुसरी एक ठेवून पाहू. डेमियन हर्स्ट हा ब्रिटनमधलाच नावाजलेला कलावंत. त्यानेही औषधे घेतली. पोलादाच्या चकचकीत कपाटात हाताने रंगवलेल्या ६,१३६ गोळ्या ओळीने मांडल्या. ते कपाट २००७ साली लंडनच्या लिलावात ९० लाख पौंडांहून जास्त किमतीला विकले गेले. देखणे आहे, यात वाद नाही. पण त्या ६,१३६ गोळ्यांपैकी एकही कोणाची नाही. कोणी आजारी नाही, कोणी बरे झालेले नाही, कोणी मेलेले नाही. फ्रीमन आणि ली यांच्या जाळीतली प्रत्येक गोळी कोणाची तरी आहे. आमच्या दृष्टीने दोन कलांतला फरक एवढाच आहे, आणि हा फरक फार मोठा आहे.

आपल्या बायांच्या जाळीत काय असेल?

ती जाळी पाहून आम्हाला गोधडी आठवते. आपल्या घरांतल्या बायांनी जुन्या लुगड्यांचे, सदऱ्यांचे, मुलांच्या कपड्यांचे तुकडे धावदोऱ्याने जोडून वाकळ शिवली. घरातल्या कोणत्या माणसाचे काय झाले हे त्या वाकळीच्या ठिगळांवरून आजी सांगू शकत असे. कला म्हणून ती कोणी काचेत ठेवली नाही. थंडीत पांघरायची वस्तू होती, पण घराची बखरही तीच होती.

आता अशी कल्पना करू की गोळ्यांची जाळी लंडनऐवजी आपल्या एखाद्या वस्तीतल्या बाईची विणायची आहे. वय ५५, घरकाम करणारी, आधी खेड्यात मजुरी केलेली. तिच्या खिशांत काय काय येईल? गरोदरपणात मिळालेल्या लोहाच्या गोळ्या. अंगणवाडीतून आलेल्या जंताच्या गोळ्या. नवऱ्याच्या क्षयरोगाची पाकिटे. कंबर दुखते म्हणून मेडिकलवाल्याकडून कात्रीने कापून सुट्या घेतलेल्या दोन-दोन गोळ्या, ज्यांचे नाव तिला ठाऊक नाही, फक्त 'ती लाल वाली' एवढे ठाऊक आहे. रक्तदाबाची गोळी, जी रोज घ्यायची आहे आणि पगाराच्या पहिल्या आठवड्यातच घेतली जाते.

म्हणजे तिच्या जाळीतले बहुतेक खिसे रिकामे राहतील.

आमच्या मते आपल्याकडच्या कलेचा खरा विषय हे रिकामे खिसे आहेत. लंडनच्या पट्ट्यातला प्रत्येक खिसा भरलेला आहे, कारण त्या देशात ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि गरिबाचा दवाखाना ही सरकारची जबाबदारी झाली. तिथेही आज त्या सेवेवरून भांडणे आहेत. तरी गोळी लिहून दिली आणि ती मिळाली, हे गृहीत धरूनच ती जाळी विणता आली. आपल्याकडे महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क केले. हा निर्णय चांगला आहे आणि आपण त्याचा आग्रहाने वापर केला पाहिजे. पण औषध संपले की 'हे बाहेरून आणा' अशी चिठ्ठी हातात येते, आणि दवाखान्यात गेलेल्या दिवसाची हजेरी बुडते ती बुडतेच. केसपेपरवर गोळीचे नाव असते. खिशात गोळी नसते.

बीडच्या ऊसतोड बायांची जाळी विणायची तर आणखी वेगळे दिसेल. २०१९ साली विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर ऊसतोड बायांची पाहणी आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची 'पिशवी' काढलेली होती. पाळीच्या दिवसांत काम सुटले की मुकादम खाडा लावतो, उचल फेडायची असते, पोटात दुखते म्हणून गेलेल्या बाईला कर्करोगाची भीती घातली जाते, आणि शेवटी गर्भाशयच काढून टाकले जाते. या बायांच्या जाळीत तिशीतच मोठे भोक पडलेले असेल. ते भोक विणून दाखवणे हे कलावंताचे काम आहे. आकडा वर्तमानपत्रात एक दिवस राहतो. जाळीतले भोक डोळ्यांसमोरून हलत नाही.

एक थर्मामीटर, चार हात

वैद्यकीय वस्तूकडे कसे पाहायचे हे शिकवणारा आपला सर्वांत मोठा धडा बाबासाहेबांनीच दिलेला आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या आत्मकथनपर टिपणांत स्वतःवरच्या प्रसंगांसोबत इतरांचे प्रसंगही आहेत. त्यांत काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र आहे. हे पत्र १२ डिसेंबर १९२९च्या 'यंग इंडिया'त छापून आले होते. आपल्यापैकी अनेकांनी ते वाचले असेल. इथे ते फक्त एका वस्तूच्या अंगाने पुन्हा वाचायचे आहे.

शिक्षकाची बायको बाळंत झाली. दोन दिवसांनी तिची तब्येत बिघडली, छाती भरली, श्वास घ्यायला त्रास होऊ लागला. डॉक्टर अस्पृश्यांच्या वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या नगरशेठने दोन रुपयांच्या फीची हमी घेतली, तेव्हा तो एका अटीवर आला. रोग्याला वस्तीबाहेर आणायचे. ओल्या बाळंतिणीला तान्ह्या मुलासह बाहेर आणण्यात आले. मग डॉक्टरने आपला थर्मामीटर काढला. तो त्याने एका मुसलमान माणसाच्या हातात दिला. त्याने तो नवऱ्याला दिला. नवऱ्याने बायकोला लावला. ताप मोजून झाल्यावर थर्मामीटर त्याच वाटेने परत गेला. बायकोकडून नवऱ्याकडे, नवऱ्याकडून मुसलमान माणसाकडे, त्याच्याकडून डॉक्टरकडे. रात्रीचे आठ वाजले होते. दिव्याच्या उजेडात काचेतला पारा पाहून डॉक्टरने न्यूमोनिया असल्याचे सांगितले. पुढे त्याने येऊन पाहायला नकार दिला. ती बाई गेली.

थर्मामीटर ही किती सुंदर वस्तू आहे, याचा विचार करा. बोटाएवढी काच, तिच्यात केसाएवढी नळी, नळीत चांदीसारखा पारा. शरीराच्या आतली गोष्ट बाहेर वाचता यावी म्हणून माणसाच्या बुद्धीने केलेली ही करामत. ताप ब्राह्मणाचा असो वा अस्पृश्याचा, पारा एकाच नियमाने चढतो. काचेने भेद केला नाही. ज्या अर्थी 'वस्तूला जात नसते' म्हणतात, त्या अर्थी या थर्मामीटरला जात नव्हती. पण चार हातांच्या त्या रांगेत ठेवल्याबरोबर त्याला जात आली. त्या रात्री विज्ञानाच्या उपकरणाचा उपयोग अंतर कमी करण्यासाठी झाला नाही, अंतर मोजून-मापून पाळण्यासाठी झाला. न्यूमोनिया हा छातीचा रोग, आणि पत्रात छाती तपासल्याचा उल्लेखसुद्धा नाही.

याच्या उलट एक गोष्ट पाहू. १८१६ साली पॅरिसमध्ये रेने लेनेक या डॉक्टरसमोर एक तरुण बाई तपासणीसाठी आली. तेव्हा छातीला कान लावून ठोके ऐकण्याची रीत होती. त्याला ते संकोचाचे वाटले म्हणून त्याने कागदाची गुंडाळी केली, एक टोक तिच्या छातीवर ठेवले आणि दुसरे कानाला लावले. ठोके कानाने ऐकू आले असते त्याहून स्पष्ट ऐकू आले. त्यातून स्टेथोस्कोप आला. तिथेही दोन माणसांमध्ये अंतर होते. पण ते अंतर तिचा मान राखण्यासाठी होते आणि त्यातून तिच्या हृदयाचे अधिक ऐकू आले. काठेवाडातले अंतर तिला माणूस न मानण्यासाठी होते आणि त्यातून तिचे काहीच ऐकू आले नाही.

हे सगळे १९२९चे, आता तसे राहिले नाही, असे कोणी म्हणेल. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापक संघमित्रा आचार्य यांचा अभ्यास वाचावा. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ दलित स्टडीजने तो २०१० साली प्रसिद्ध केला. गुजरात आणि राजस्थानातल्या गावांतल्या दलित मुलांना आरोग्यसेवा कशी मिळते, याची त्यात चौकशी आहे. मुलांनी सांगितलेल्या भेदभावात स्पर्शाचा भाग मोठा होता. थर्मामीटर बदलला, हातांची रांग मोडली नाही.

आपल्यातल्या एखाद्या तरुण चित्रकाराने एवढेच करावे. एका मोठ्या पांढऱ्या कागदावर एक थर्मामीटर आणि चार हात काढावेत. चेहरे नकोत, घोषणा नको. हात तेवढे नीट काढावेत. डॉक्टरचा, मध्यस्थाचा, नवऱ्याचा, बाळंतिणीचा. पाहणाऱ्याला आपोआप कळेल की काच कुठे सुंदर आहे आणि कुठे नाही.

हात काढणारे कलावंत

हातांवरच भर देण्याचे काम एका मोठ्या शिल्पकार बाईने केलेले आहे. बार्बरा हेपवर्थ यांची मुलगी १९४४ साली हाडांच्या आजाराने दवाखान्यात पडली. त्या निमित्ताने इंग्लंडमधल्या एक्झेटर इथल्या नॉर्मन केपनर या शल्यचिकित्सकाशी ओळख झाली आणि त्याने त्यांना शस्त्रक्रिया पाहायला बोलावले. १९४७ ते १९४९ या काळात हेपवर्थ यांनी शस्त्रक्रियागृहातली सुमारे ८० चित्रे केली. त्यांत रक्त जवळजवळ नाहीच. टोप्या, मुखपट्ट्या, अंगरखे, त्यांतून दिसणारे डोळे आणि कामात गुंतलेले हात. शल्यचिकित्सक आणि परिचारिका एकाच कामाभोवती उभे आहेत. शिल्प घडवणारा हात आणि हाड जोडणारा हात एकाच जातकुळीचे आहेत, असे त्या चित्रांतून जाणवते.

आमचा हेपवर्थ यांना एकच प्रश्न आहे, आणि तो आदराने आहे. शस्त्रक्रिया झाल्यावर ती खोली कोणी पुसली? ते हात चित्रात कुठे आहेत?

या प्रश्नाला हातमोज्याची गोष्ट जोडून पाहू. शस्त्रक्रियेत रबरी हातमोजे आले ते अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, १८८९-९०च्या हिवाळ्यात. कॅरोलाइन हॅम्प्टन या परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रावणाने सोलवटत होते. तिथले शल्यचिकित्सक विल्यम हॉल्स्टेड यांनी तिच्यासाठी गुडइयर रबर कंपनीकडून पातळ हातमोजे करून घेतले. रोग्याला संसर्ग होऊ नये म्हणून मोजे वापरणे पुढे रूढ झाले. सुरुवात मात्र झाली ती काम करणाऱ्या एका बाईचे हात वाचावेत म्हणून. आता आपल्या दवाखान्यांकडे पाहा. २०१६च्या नियमांप्रमाणे दवाखान्यातला कचरा पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि निळ्या रंगांत वेगळा करायचा असतो. रक्ताने भिजलेले कापूस-बोळे पिवळ्यात, नळ्या लालमध्ये, सुया पांढऱ्यात, काच निळ्यात. रंग मोठे छान आहेत, भिंतीवर तक्ताही लावलेला असतो. त्या पिशव्या उचलणारी मावशी आणि सफाई कामगार कोणत्या समाजातून येतात हे तक्त्यावर लिहिलेले नसते. ते आपल्याला ठाऊक असते. आणि जो मोजा मुळात काम करणारीच्या हातासाठी जन्माला आला, तो तिच्याच हातात फाटका असतो किंवा नसतो.

३ मे २०२० रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी देशभरच्या रुग्णालयांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या. छायाचित्रे सुंदर आली. कृतज्ञता खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण त्या पाकळ्या खाली पडल्यावर झाडून कोणी काढल्या असतील, एवढा प्रश्न त्या छायाचित्रांना विचारा. सजावट आणि कला यांतला फरक तिथे कळतो.

मोज्याचे रबर कुठून येते, हेही विचारले पाहिजे. भारतातले बहुतांश नैसर्गिक रबर केरळातून येते. तिथल्या कन्नूर भागातला साजन मणी हा दलित कलावंत रबराच्या झाडाचा चीक काढणाऱ्या कुटुंबात वाढला. तो नैसर्गिक रबराच्या पत्र्यांवर चित्रे काढतो, अक्षरे लिहितो, केरळातले दलित कवी आणि समाजसुधारक पोयकयिल अप्पच्चन यांचे शब्द त्यावर उमटवतो. २०२१ साली त्याला बर्लिन आर्ट प्राइझ मिळाले. त्याचे काम दवाखान्याविषयी नाही. पण रबर ही वस्तू आपल्या बापजाद्यांच्या घामातून आलेली आहे, आणि म्हणून तिच्यावर लिहिण्याचा पहिला हक्क आपला आहे, ही त्याची भूमिका आपल्या चित्रकारांनी समजून घेण्यासारखी आहे.

'ही चैन आहे' या आक्षेपाविषयी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. पोटाला भाकर नसताना सौंदर्य शोधणे ही चैन आहे का?

आमचे पहिले उत्तर असे की सौंदर्य कशाला म्हणायचे, हे आजवर कोणी ठरवले ते पाहा. शुद्ध-अशुद्धाच्या कल्पनेवर उभ्या असलेल्या संस्कृतीने रक्त, पू, बाळंतपण, प्रेत यांना अशुद्ध ठरवले, आणि हे सगळे हाताळणाऱ्यांनाही अशुद्ध ठरवले. नाळ कापणारी सुईण, विटाळाचे कपडे धुणारी, मेलेले जनावर ओढणारा. काम जीव वाचवणारे, जागा वेशीबाहेरची. म्हणून आजारी शरीराभोवतीच्या वस्तूंना कोणी सुंदर म्हणतो, तेव्हा तो नुसते कौतुक करत नसतो. तो त्या उतरंडीलाच हात घालत असतो. हे बोलणे आपण सोडून दिले तर ते काम गॅलरीवाले त्यांच्या पद्धतीने करतील, आणि त्यांच्या कपाटात आपला माणूस नसेल.

दुसरे उत्तर असे की आजारी माणसाला सौंदर्याची गरज नसते, ही समजूत धडधाकट माणसाची आहे. मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो हिला लहानपणी पोलिओ झाला. १९२५ साली बसच्या अपघातात तिचा कणा मोडला. पुढे आयुष्यभर प्लास्टरची आणि पोलादाची कंबरपट्ट्यांची चौकट तिच्या अंगाभोवती होती. त्या प्लास्टरवर तिने चित्रे काढली. एकावर विळा-हातोडा आहे. १९५३ साली पाय कापावा लागला, तेव्हा नकली पायाला तिने लाल चामड्याचा नक्षीदार बूट करवून घेतला आणि त्याला घुंगरू लावले. दुःख नाहीसे झाले नाही. पण दवाखान्याने अंगावर चढवलेली वस्तू तिने आपली करून घेतली.

यासाठी फ्रिडाच असावे लागते असेही नाही. सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात वापरून झालेल्या सलाईनच्या नळीचे मासे विणलेले आपण पाहिले आहेत. किल्लीला लावायचे, दाराला टांगायचे. रोग्याजवळ रात्र काढणारा नातेवाईक, वॉर्डबॉय, परिचारिका यांनी ते केले. रिकाम्या सलाईनच्या बाटलीत लावलेली वेल खिडकीत दिसते. जुन्या एक्स-रेच्या काळ्या कागदातून पोरे ग्रहण बघायची. त्यात डोळ्यांना धोका होता आणि ते करू नये, पण वस्तूला दुसरा अर्थ देण्याची ओढ त्यात होती. या कलेला कोणी नाव दिले नाही एवढेच. ज्याच्याकडे काही नाही तोसुद्धा नळीचा मासा करतो, यावरून सौंदर्य ही चैन आहे की गरज, ते ठरवा.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. कला हा पुरावा असतो. आपण निवेदने देतो, आकडे देतो, मोर्चे काढतो. ते केलेच पाहिजे. पण ज्याच्याकडे निवेदन जाते तो माणूस रोज दहा निवेदने वाचतो. चौदा हजार खिशांच्या जाळीसमोर उभा राहिलेला माणूस तसाच परत जात नाही.

मग करायचे काय?

एका वस्तीत, एका बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात करता येईल असे काम आम्ही सुचवतो. वस्तीतल्या बायांनी मिळून गोळ्यांची गोधडी शिवावी. धावदोरा त्यांना येतोच. वर्षभर रिकामी पाकिटे, औषधाच्या बाटल्यांची लेबले, पट्टीचे कापड, एक्स-रेचे तुकडे जमवावेत. वापरलेल्या सुया, ब्लेड, रक्त लागलेले काहीही घेऊ नये, यावर तडजोड नको. उरलेली औषधेही गोळा करू नयेत, रिकामी पाकिटेच घ्यावीत. केसपेपरवरचे नाव, आधार क्रमांक, आजाराची नाजूक माहिती झाकावी. ज्या बाईची कहाणी तिची परवानगी, आणि ती नको म्हणाली तर विषय तिथेच संपला.

प्रत्येक पाकिटाला एक खिसा. आणि जी गोळी लिहून दिली होती पण घेता आली नाही, तिच्यासाठीही एक खिसा, रिकामा. त्या रिकाम्या खिशाखाली दोन शब्दांत कारण शिवायचे. 'पैसे नव्हते.' 'हजेरी बुडाली असती.' 'दवाखान्यात औषध नव्हते.' 'मला हात न लावता तपासले.' सफाई कामगार भगिनींनी आपला एक पट्टा वेगळा शिवावा, त्यात त्यांना वर्षभरात किती मोजे मिळाले तेवढेच खिसे भरावेत आणि जितके मिळायला हवे होते तितके रिकामे ठेवावेत.

१४ एप्रिलला ही गोधडी विहारात टांगावी. वस्तीतल्या पोरांना प्रत्येक खिशाची गोष्ट ज्या त्या बाईने सांगावी. नंतर ती गुंडाळून घरी न ठेवता तालुक्याच्या रुग्णालयात न्यावी, वैद्यकीय अधिकाऱ्यांना परवानगी मागून बाह्यरुग्ण विभागात चार दिवस लावावी, आणि शेजारी मागण्यांचे एक पान असावे. कोणती औषधे सतत संपतात, कोणत्या कामगारांना मोजे मिळत नाहीत. गोधडीवर जे शिवलेले आहे तेवढेच त्या पानावर असावे, एक अक्षर जास्त नको. दरवर्षी तिला नवा पट्टा जोडावा. दहा वर्षांनी त्या वस्तीच्या आरोग्याचा इतिहास कोणत्याही सरकारी अहवालाइतका भक्कम आणि त्याहून वाचायला सोपा असेल.

एक शेवटचा मुद्दा. वैद्यकीय वस्तूवर प्रेम करणे आपल्याला नवे नाही. चष्मा हीसुद्धा डोळ्यांच्या दोषावर डॉक्टरने दिलेली वस्तू आहे. काच आणि चौकट, दुसरे काही नाही. पण आपल्या गावोगावच्या भिंतींवर, निळ्या झेंड्यांवर, जयंतीच्या फलकांवर बाबासाहेबांचा गोल चष्मा काढला जातो. नवशिक्या पोराने दोन वर्तुळे आणि मध्ये एक पूल एवढे काढले तरी ते कोणाचे आहे हे आपल्या म्हाताऱ्या बाईला लगेच ओळखू येते. तो चष्मा आपल्याला सुंदर वाटतो कारण त्यामागचे डोळे आपल्याला माहीत आहेत, त्या डोळ्यांनी रात्र रात्र जागून काय वाचले आणि काय लिहिले ते माहीत आहे.

तोच न्याय आता थर्मामीटरला, मोज्याला आणि गोळीच्या रिकाम्या पाकिटाला लावायचा आहे. पाकिटे जमवायला या महिन्यापासूनच सुरुवात करा.